मदत हवी आहे: १९१८ च्या रुपयावरचा निळा-जांभळा रंग खरा की केलेला?

नमस्कार मंडळी. परवा पंचम जॉर्जचा १९१८ चा चांदीचा रुपया घेतला. मुंबई टांकसाळीचा, मागे कमळाखाली ठिपका आहे. वजन ११.६५ ग्रॅम भरलं, म्हणजे नाण्याबद्दल शंका नाही. शंका आहे ती रंगाची. विकणारा म्हणाला, "आजोबांच्या कागदी पाकिटात पडून होता." (प्रत्येकाचे आजोबा नाणी पाकिटातच कशी ठेवायचे देव जाणे!)

माझ्या समजुतीप्रमाणे हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा थर हळूहळू जाड होतो. त्यामुळे रंग आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा-निळा असा क्रमाने चढतो आणि बहुधा कडेकडून आत सरकतो. माझ्या नाण्यावर मात्र राजाच्या गालावर थेट गडद निळा डाग आहे, त्याच्या भोवती सोनेरी कडाच नाही. अक्षरांच्या खोबणीत रंग साचल्यासारखा दिसतो. उलट मागची बाजू छान आहे: कडेला सोनेरी, मध्ये पांढरी, आणि तिरकं धरून फिरवलं की मूळ चमक रंगाखालून फिरते.

अ‍ॅसिटोनमध्ये पाच मिनिटं ठेवून पाहिलं, काही निघालं नाही. म्हणजे रंग किंवा लाखेचा लेप नसावा. पण उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात ठेवून आणलेला रंगही सल्फाइडच, तो अ‍ॅसिटोनने कुठे जाणार?

एकाच नाण्याच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या नैसर्गिकरीत्या होतात का? भिंगातून नेमकं काय बघू? परत करायला शनिवारपर्यंतच मुदत आहे.