मदत हवी आहे: आईवडिलांच्या घरचा केबलचा सेट टॉप बॉक्स काढून अ‍ॅपवर जावे का?

नमस्कार मंडळी,

माझे आईवडील कऱ्हाडला राहतात. त्यांच्याकडचा केबलचा सेट टॉप बॉक्स हल्ली वारंवार बंद पडतो, आणि नवा बॉक्स बसवण्याऐवजी फायबर इंटरनेट घेऊन टीव्हीवरील अ‍ॅपमधूनच वाहिन्या पाहाव्यात, असे तिथल्या केबलचालकांनी सुचवले आहे. घरातील ज्येष्ठांसाठी ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष केला आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

खर्चाबद्दल मला फारशी शंका नाही. फेब्रुवारी 2019 पासून वाहिन्या निवडून त्यांचे आणि जोडणीचे शुल्क वेगवेगळे भरण्याची पद्धत आली, तरी दुसऱ्या खोलीतील टीव्हीला दुसरा बॉक्स आणि त्याचे शुल्क लागतेच. अ‍ॅपमध्ये ते वाचू शकते. इंटरनेटचा वापर मात्र मी मोजून पाहिला. केबलच्या तारेतून सगळ्या वाहिन्या सर्व घरांपर्यंत एकदमच येतात आणि बॉक्स त्यांतील आपण पैसे भरलेल्या तेवढ्या उलगडून दाखवतो, तर अ‍ॅपमध्ये प्रत्येक टीव्हीसाठी स्वतंत्र प्रवाह येतो. एचडी चित्राला सेकंदाला साधारण 5 मेगाबिट धरले, तर तासाला सव्वादोन जीबी आणि रोज सहा तास टीव्ही चालल्यास महिन्याला सुमारे 400 जीबी होतात. फायबरला हे सहज पेलेल, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागणार नाही.

खरी काळजी आईची आहे. तिला वाहिन्यांचे क्रमांक पाठ आहेत. टीव्ही लावायचा, आकडे दाबायचे, की मालिका सुरू, ही तिची इतक्या वर्षांची सवय आहे आणि ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. अ‍ॅपवर गेल्यास स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर आणि सह्याद्रीसाठी प्रसारभारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात सुरू केलेले वेव्हज, अशी विभागणी होते. शिवाय मध्येच लॉगिन निघून गेले, तर ओटीपी पुण्यात माझ्या मोबाइलवर येणार आणि मी कामात असलो, तर तिची संध्याकाळ वाया जाणार. टीव्ही सुरू होताच थेट वाहिनीच लागेल, रिमोटवरील आकडे चालतील आणि या सर्व मराठी वाहिन्या एकाच ठिकाणी थेट प्रक्षेपणासह दिसतील, असे एखादे अ‍ॅप कोणी वापरत आहे का? मालिकेचा भाग नंतर पाहता येणे ही चांगलीच सोय आहे, पण आईला ती ठरलेल्या वेळीच, शेजारच्या काकूंबरोबर पाहायची असते.

वडिलांचा प्रश्न क्रिकेटचा आहे. अ‍ॅपमध्ये चित्र लहान लहान तुकड्यांत येत असल्याने ते केबलपेक्षा काही सेकंद मागे असते, हे ठाऊक आहे. प्रत्यक्ष वापरात हा फरक किती जाणवतो, ते कृपया सांगावे.

टीव्ही 2018 सालचा स्मार्ट टीव्ही आहे, पण त्याच्या सॉफ्टवेअरला आता नवे अपडेट येत नाहीत आणि केबलचालकांचे अ‍ॅप फक्त अँड्रॉइड टीव्हीवर चालते, त्यामुळे वेगळी स्टिक घ्यावी लागेल असे दिसते. तसे असेल, तर बॉक्स काढून नेमके काय साधले, असा प्रश्न मला पडतो. वीज गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, पण फायबरचा मोडेम आणि राउटर मात्र त्यावर जोडून घ्यावे लागतील.

डीडी फ्री डिशचा विचार केला होता. तिथे मासिक शुल्क नाही आणि सह्याद्री दिसते, परंतु आईच्या सशुल्क वाहिन्या त्यावर नाहीत.

नवा बॉक्स घेऊन केबल चालू ठेवावी आणि दुसऱ्या खोलीतील टीव्हीवर आधी अ‍ॅप वापरून पाहावे, असे सध्या माझे मत झाले आहे. हा मार्ग कोणी अवलंबला असल्यास, ज्येष्ठांना अ‍ॅपची सवय झाली का आणि त्यांच्यासाठी कोणता रिमोट सोपा ठरला, हे अवश्य कळवावे.