मदत हवी आहे: मामांची जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार अर्धी खरवडून बसलोय

मंडळी, आधीच कबूल करतो, काम बिघडवून मग विचारायला आलोय. शिव्या घाला, पण खाली एखादा उपायही लिहा.

गिटार मामांची. मामा बोटीवर होते, 1968 साली जहाज कोबेला लागलं तेव्हा त्यांनी ही घेतली. तेव्हाही स्वस्तातलीच होती. पुढे बोट सुटली आणि गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात गणपतीचे दहा दिवस हिच्यावर हात साफ केला. नंतर वीसेक वर्षं माळ्यावर पडून होती. आता चिपळूणला माझ्याकडे आहे.

कंपनी कोणती ते कळत नाही. हेडस्टॉकवरचा (तारा आवळायच्या खुंट्या असतात त्या टोकावरचा) बिल्ला पडलाय, दोन भोकं उरलीत. नेकच्या (मानेच्या) चार स्क्रूंखालच्या पत्र्यावर 'स्टील रिइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान' एवढंच कोरलंय. दोन पिकअप (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या) आहेत, त्यांना वरून सोनेरी चमकीचा पत्रा. पिकअपचे स्विच थेट दिव्याच्या बटणांसारखे, टकटक वाजणारे. रंग लाल-काळा सनबर्स्ट, म्हणजे एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारा. वरच्या बाजूला कोपर टेकतं तिथे पत्त्याच्या पानाएवढी जागा घासून लाकूड उघडं पडलंय. मला ती जागा फार आवडते. मामांना नाही. "अरे, चकचकीत करून दे, गणपतीला येतो तेव्हा वाजवीन," म्हणालेत.

हीट गन घेऊन पाठीपासून सुरुवात केली (नशीब, पुढून नाही). दुधावरची साय निघावी तसा रंग सुटला, मग जोर चढला. सँडरला 80 नंबरचा पॉलिश पेपर लावला आणि कडेला विनियर (वरचा लाकडी पापुद्रा) फाटून खालचा प्लाय दिसायला लागला. मी इतके दिवस समजत होतो अख्खं लाकूड आहे!

आता पाठीला काय करू? एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारायचा विचार आहे, शेजारच्या सुताराकडे कॉम्प्रेसर आहे. दुसरं म्हणजे नेकजवळचा पिकअप मुका आहे. मल्टिमीटरवर ब्रिजजवळचा (तारा खाली टेकतात तिथला) 5.8 किलोओहम दाखवतो, हा काहीच नाही. दोन्ही काढून एक हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) बसवावा का? त्यासाठी पटाशीने खाच मोठी करावी लागेल. आणि बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्टीवर) तारा 4 मिलिमीटर वर आहेत, ट्रस रॉडचा (नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईचा) नटच सापडत नाही.

सुतारपक्षी
नट सापडणार नाही, कारण तो नाहीच. 'स्टील रिइन्फोर्स्ड' म्हणजे आत लोखंडी पट्टी घालून बंद केलेली, फिरवायला काही ठेवलेलं नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मध्ये फट किती राहते ते बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर नेक ठीक आहे, फक्त बसवण्याचा कोन चुकलाय. नेक उतरवून खोबणीत ब्रिजच्या बाजूला जाड आणि हेडस्टॉककडे उतरती होत जाणारी विनियरची पातळ पाचर घाला. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा चाचणीपुरता चालतो. तारा 9चा सेट (सर्वात बारीक तार 0.009 इंच) लावा, ताण कमी पडेल.

आणि चिपळुणात जुलैत लॅकर? थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि आरशावर वाफ धरल्यासारखा पांढरा पडतो. रिटार्डर (थिनर सावकाश उडवणारं द्रव) घालून थोडं निभावतं, पण तुमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे. दसऱ्यानंतर करा. तोवर फाटलेलं विनियर चिकटवा, उरलेला खळगा लांबीने भरा, एवढंच. पाठ पुढे एकरंगी काळी केलीत की प्लाय झाकला जाईल. पुढच्या बाजूला हात लावू नका.

खर्जातला_सा
पटाशी खाली ठेवा! हे सोनेरी पत्र्याचे पिकअप आज लोक शोधत फिरतात. अमेरिकन गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला नेकजवळ तेइस्को कंपनीचा असाच जपानी पिकअप लावलाय. तोच राय कूडर, ज्याला मोहनवीणावादक विश्वमोहन भट्टांबरोबर 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. चौकोनी खड्डा पाडून स्वस्तातला हंबकर बसवलात तर गिटारही जाईल आणि आवाजही.

मुका म्हणजे मेलेला असं नाही. बहुतेक वेळा वायर गुंडाळीच्या सुरुवातीला, डाग दिलाय तिथेच तुटलेली असते. पत्रा अलगद उघडून बघा.

मोटरवाला
पिकअप रिवाइंड करावा (तार नव्याने गुंडाळावी) लागलाच तर एक फसगत आधीच सांगून ठेवतो, कारण मी स्वतः फसलोय. पिकअपला 42 नंबरची तार लागते हे सगळीकडे वाचायला मिळतं. ते अमेरिकन गेज, म्हणजे साधारण 0.063 मिलिमीटर. आपल्याकडचा पंख्याच्या मोटरी भरणारा 42 म्हटलं की ब्रिटिश एसडब्ल्यूजी देतो, ती 0.1 मिलिमीटर. अर्धे वेढेही मावत नाहीत. 46 एसडब्ल्यूजी मागा. आणि नंबर न सांगता मिलिमीटर सांगितलेत तर वादच नको.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल रात्री पत्रा उघडला. वायर खरंच डागाजवळ तुटली होती, केसापेक्षा बारीक. चष्म्यावर भिंग धरून, तिसऱ्या प्रयत्नात डाग बसला. मीटर 6.1 दाखवतोय. फट अर्ध्याच्या आत निघाली, पाचरीसाठी विनियरचा तुकडा सुताराकडून आणलाय.

मग मामांना फोन केला. म्हटलं, रंग दिवाळीला, आणि पुढून करायचाच नाही, तुमच्या कोपराची खूण आहे ती. मामा हसत सुटले. म्हणाले, "कसलं कोपर! रोज रात्री गाण्यांची यादी सेलोटेपने चिकटवायचो तिथे. टेप ओढली की रंग यायचा सोबत."

आत्ता बोट फिरवून बघितलं. कडा खरंच सरळ आहेत, एका कोपऱ्यात पिवळा पडलेला गोंदही आहे. तो थिनरने पुसायचा नाही, हे मात्र मी कुणाला विचारणार नाही.