'थर्ड पार्टी नोटिसेस'ला मराठीत काय म्हणावं?

रावपुरेकर : शाळांच्या ग्रंथालयांसाठी आम्ही एक छोटं सॉफ्टवेअर फुकट वाटतो. मेनू मराठी-गुजरातीत. आत इतरांचे ओपन सोर्स घटक आहेत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेले तयार तुकडे; त्यांचे परवाने एका पानावर दिलेत. इंग्रजीत अशा पानाला 'थर्ड पार्टी नोटिसेस' म्हणतात, म्हणून मी 'त्रयस्थ सूचना' नाव दिलं. आईनं विचारलं, "कोण त्रयस्थ, आणि सुचवतोय काय?"

दांडियाबाजारवाला : आईंनी नेमकं पकडलंय. त्रयस्थ म्हणजे भांडणात न पडता कडेला उभा राहिलेला. इथे तर त्याचा कोड तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटात! 'इतरांचे घटक' पुरे.

सूचना पाळायची असते, नोटीस बजावतात. त्यातून आपल्या बडोद्यात गुजराती पेपरातली 'जाहेर नोटिस' म्हणजे कुणाच्या तरी घराच्या टायटलची, मालकीहक्काची, भानगड. ओपन सोर्समधला एक प्रचलित परवाना, एमआयटी परवाना, प्रत्येक प्रतीत दोन गोष्टी ठेवायला सांगतो : कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर. मराठी पुस्तकांत सुरुवातीलाच 'सर्व हक्क स्वाधीन' छापतात, त्यावरून पहिलीला 'हक्कनोंद' म्हणू. दुसरा सरळ 'परवाना'.

इंदूरकर : सरकारी गॅझेटला 'आज्ञापत्रिका' म्हणणारं तुमचं बडोदा संस्थान, आणि अडलात नोटिशीपाशी? 'ऋणनिर्देश' म्हणा की. गोड शब्द आहे.

दांडियाबाजारवाला : गोड आहे हीच अडचण. ऋणनिर्देश राहिला तर फार तर कुणी रुसेल. ही अट आहे, पाळली तरच वाटायची मुभा. बीएसडी हा बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा परवाना; जुन्या बीएसडी परवान्यात जाहिरातीतही त्या विद्यापीठाचा उल्लेख करा असं कलम होतं. विद्यापीठानं ते १९९९ साली काढलं, पण हक्कनोंद ठेवायची अट राहिलीच. झेडलिब या फाइली आवळून लहान करणाऱ्या घटकाचे कर्ते मात्र म्हणतात, माहितीपुस्तिकेत आभार मानलेत तर आवडेल, सक्ती नाही. तिथे ऋणनिर्देश खुशाल लिहा.

रावपुरेकर : मग आतला मजकूरही मराठीत करू?

दांडियाबाजारवाला : छे! शीर्षक मराठीत, मजकूर जसाच्या तसा. भाषांतर हवंच तर मुळाच्या खाली. अपाचे २.० या आणखी एका परवान्याच्या घटकाबरोबर 'नोटीस' नावाची फाइल आली असेल तर तिच्यातल्या श्रेयाच्या ओळीही पुढे द्याव्या लागतात. फाइलच्या नावाला हात लावू नका.

रावपुरेकर : 'इतरांचे घटक : हक्कनोंदी व परवाने' केलं. बटणात मावेना, तिथे नुसतं 'परवाने'. गुजराती मेनूत 'परवाना'; तिकडे ते अनेकवचन, एकवचन 'परवानो', म्हणून आधीच सांगून ठेवतो, चूक नाही ती.