बोगोटाचं सोनं आणि 'निम्मं तांबं'

मूस : काल इथल्याच एका प्रवासवर्णनात वाचलं : "बोगोटाचं सुवर्ण संग्रहालय तासाभरात उरकतं. मजल्यामागून मजले तेच ते दागिने, त्यात बरंचसं सोनं हीणकस, निम्मं तांबंच." कोलंबियाच्या राजधानीतल्या त्या संग्रहालयाबद्दल हे वाचून राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमच्या घरी पिढीजात सोनारकाम आहे. ते तांबं भेसळीचं नाही हो! तुंबागा हा सोन्या-तांब्याचा मिश्रधातू तिथल्या जुन्या कारागिरांनी मुद्दाम केला. तांबं घातलं की कमी आचेवर रस होतो, साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि वस्तू टणक होते. मग ती तापवायची. वरचं तांबं काळं पडतं, ते वनस्पतींच्या आंबट रसानं काढायचं. पुन्हा तापवायचं, पुन्हा काढायचं. दर खेपेला वरच्या थरातलं तांबं कमी होत जातं आणि शेवटी आत लालसर, वर पिवळंधमक. बाहेरून मुलामा चढवलेलाच नाही, वस्तूतलंच सोनं वर आणलंय. चिंचेच्या पाण्यात डाग उजळणाऱ्या माणसाला ते बघून हात जोडावेसे वाटतात.

आणि मुइस्कांचा, म्हणजे बोगोटाच्या आसपासच्या मूळ रहिवाशांचा, तो सोन्याचा छोटा तराफा! जेमतेम १९.५ सेंटिमीटर लांब. मधे प्रमुख, भोवती लहान माणसं, सगळं मेणात घडवून एकाच ओतकामात काढलेलं. शेजारच्या तुन्हो मूर्तींना मात्र ओतल्यावर कानसही लावलेली नाही, कारण त्या मिरवायच्या नव्हत्याच, देवाला वाहायच्या होत्या. एक तास कसा पुरेल?

परतीचा पाऊस : कारागिरीबद्दल वाद नाही. पण तुम्ही धातूच बघितलात. यातलं कितीतरी सोनं थडग्यांतून उकरलेलं आहे. ग्वाकेरो, म्हणजे थडगी फोडणारे, ते काढत गेले आणि संग्रहालय चालवणारी मध्यवर्ती बँक विकत घेत गेली. कुठल्या थडग्यात, कोणाच्या उशाशी, कशाच्या शेजारी ठेवलं होतं, ते सगळं गेलं. काचेआड हजारो वस्तू चमकतायत आणि निम्म्या गोष्टी मुक्या झाल्यात. गिऱ्हाईक ठरलेलं असलं की चोर पुन्हा कुदळ उचलणारच.

नाणेवेडा : गिऱ्हाईक नसतं तर काय झालं असतं? मुशीत गेलं असतं! स्पॅनिश विजेत्यांनी शंभर वर्षं तेच केलं, मूर्ती वितळवून लगडी पाडल्या. १९३९ मध्ये बँकेनं किंबाया या तिथल्या जुन्या जमातीचा पोपोरो, म्हणजे चुना ठेवायचं सोन्याचं भांडं, विकत घेतला, तिथून हे संग्रहालय सुरू झालं. घेतला नसता तर तो देशाबाहेर गेला असता. तराफा १९६९ मध्ये पास्काजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना सापडला. तिथल्या धर्मगुरूंनी लक्ष घातलं म्हणून तो बोगोटात आहे. शुद्धतेच्या गप्पा मारायला वस्तू आधी शिल्लक लागते.

सातारकर : देशाबाहेर गेलेल्याचं बोला की मग. किंबायांचा मोठा ठेवा माद्रिदमध्ये आहे. १८९० मध्ये सापडला आणि १८९३ मध्ये त्यांच्याच राष्ट्राध्यक्षांनी स्पेनच्या राणीला भेट दिला. सव्वाशे वर्षं तिकडेच! आपल्याला हे नवं नाही. वाघनखं साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारनं पैसे मोजून घेतली. आपलीच वस्तू, आपलेच पैसे. रक्त उसळतं.

नाणेवेडा : भावना कळते, पण सरमिसळ करू नका. भेट दिलेली वस्तू लुटीची कशी? देशाच्या प्रमुखानं सही करून दिली.

सातारकर : प्रमुखाच्या बापाची होती का? २०१७ मध्ये कोलंबियाच्या घटना न्यायालयानं सरकारला बजावलंय की ठेवा परत मिळवायचे प्रयत्न करा. २०२४ मध्ये स्पेनकडे रीतसर मागणीही गेली. तुम्ही त्यांच्या न्यायालयापेक्षा शहाणे?

नाणेवेडा : आवाज चढवून मुद्दा सिद्ध होत नाही. बरं, ती भेट द्यायला नको होती, इतकं मानतो.

शिमगा : मी रत्नागिरीकडची. आमच्या ग्रामदेवीचं एक रूपं, म्हणजे पालखीतला चांदीचा मुखवटा, मी शाळेत असताना चोरीला गेलं. त्या वर्षी पालखी निघाली, पण आजी दारात आली नाही. म्हणाली, देवी पुरी नाही तर ओटी कोणाची भरू? पुढे नवं घडवलं, चांदी जास्तच घातली, तरी तिचं मन बसलं नाही. कोणी मला म्हणालं असतं की जुनं रूपं अमुक संग्रहालयात सुरक्षित आहे, तर मी काय उत्तर दिलं असतं?

म्हणून मला सोन्यापेक्षा कोलंबियातल्या कोगी आदिवासींचे मुखवटे आठवतात. १९१५ मध्ये एका जर्मन संशोधकानं दोन लाकडी मुखवटे विकत घेऊन बर्लिनला नेले. पैसे मोजूनच नेले, नाणेवेडादादा. २०२३ मध्ये जर्मनीनं ते परत केले. कोगी आजही तिथल्या सिएरा नेवादा डोंगरात राहतात, आजही पुरुषाच्या हातात पोपोरो असतो, त्यातला शिंपल्यांचा चुना कोकाच्या पानांबरोबर तोंडात धरतात. वापरातली वस्तू आणि मागे उरलेली वस्तू यांना एकच नियम कसा लावता?

मूस : ताई, हे मनाला भिडलं. पोपोरोसमोर उभा होतो तेव्हा मी नुसता जोड शोधत होतो.

परतीचा पाऊस : आणि मुइस्का जिथे देवाला सोनं वाहायचे ते ग्वाताविता सरोवर विसरू नका. १५८० च्या सुमारास सेपुल्वेदा नावाच्या व्यापाऱ्यानं काठ कापून पाणी काढलं, ती खाच आजही दिसते. देवाला वाहिलेलं परत काढायचा हक्क ना त्याला होता, ना बँकेला आहे.

नाणेवेडा : मुखवट्यांचं मान्य. मागणारा वारस समोर उभा असेल तर द्यायलाच हवं. पण मुइस्कांचे वंशज आज बोगोटाच्या आसपासच राहतात, त्यांना तराफा बघायला समुद्र ओलांडावा लागत नाही. म्हणून किंबाय ठेवाही माद्रिदहून बोगोटाला यावा, यात मी सातारकरांच्या बाजूनं. सरोवरात परत टाका म्हणाल, तर शेवटपर्यंत भांडेन.