अमूर्त चित्रांचं पहिलं एकल प्रदर्शन, कोल्हापूर : गाळाचा थर, रेघेची उंची आणि निवेदन

ओसरलेलं_पाणी (प्रश्न)

नमस्कार. दसरा चौकात, शाहू स्मारकच्या कलादालनात हिवाळ्यात एकल प्रदर्शन करायचं चाललंय. सगळी चित्रं अमूर्त, विषय एकच : पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहते ती गाळाची रेघ. २००५, २०१९, २०२१, दर वेळी तीच गोष्ट. घर असो, देऊळ असो की दुकानाचं शटर, रेघ सगळ्यांवरून एकाच पातळीत जाते. मला एवढंच हवंय. बुडालेली घरं, नावा, माणसं काही नको.

कॅनव्हास १४ आहेत, सगळे उभे, ३ बाय ४ फूट. कागदावरची ८. निम्म्या कॅनव्हासवर जेसो (रंगाआधीचा पांढरा अस्तराचा थर) न लावता पातळ ॲक्रिलिक मुरवलंय, बाकीच्यांवर नदीकाठचा गाळ ॲक्रिलिक मिडियममध्ये (रंगाला धरून ठेवणारा बिनरंगी चिकट द्रव) कालवून थापलाय. जाड थराला तडे जातायत आणि कडेला खपल्या सुटतायत. दोन चित्रांत हळद वापरली, ती मिडियममध्ये घातल्याबरोबर तांबूस झाली. शिवाय २२ च्या २२ चित्रं लावायची का, निवेदनात काय लिहायचं, आणि "ह्यात पूर कुठाय?" असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, यावर जाणकारांनी सांगावं.

माती_मिडियम

तडे मिडियममुळे नाहीत, मातीमुळे आहेत. आपल्याकडचा काळा गाळ बेसॉल्टच्या झिजेतून आलेला. त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याच कारणाने तुमच्या थराला पडतात. पन्हाळ्याकडची जांभ्याची तांबडी माती इतकी फुगत नाही, म्हणून तिचा थर जास्त टिकतो. तुम्हाला गाळच हवा, तर तो असा तयार करा :

बादलीत गाळ घेऊन भरपूर पाण्यात ढवळा. मिनिटभर थांबा. रेती आणि खडे तळाशी बसतील, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी हळूच काढून टाका आणि खालचा लगदा उन्हात वाळवा. मग कुटून मलमलीतून चाळा. हातमोजे आणि मास्क विसरू नका. पुराच्या गाळात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. त्यातला पाचोळा आणि मुळं राहिली तर पुढच्या पावसाळ्यात चित्रावर बुरशी धरते, म्हणून चाळण्याचा कंटाळा करू नका. तव्यावर भाजायचं असेल तर मंद आचेवरच, जास्त तापवली की मातीतला पिवळा-तपकिरी रंग लालसर होतो.

कालवताना मापाने १ भाग गाळ आणि २ भाग मॅट मिडियम. गाळाबरोबर वाटीभर चाळलेली बारीक वाळू घातली तर आकसणं कमी होतं. थर १ मिमीच्या आत ठेवा, जाडी हवी असेल तर एक थर पूर्ण सुकल्यावर दुसरा. दोनतीन दिवसांनी ओल्या कापसाने कोपरा घासून बघा. कापसाला रंग लागला तर बाइंडर, म्हणजे माती धरून ठेवणारं मिडियम, कमी पडलाय. फेव्हिकॉल मात्र नको, दमट हवेत तो पुन्हा मऊ पडतो.

खपल्या सुटतात त्याचं कारण वेगळं. कॅनव्हास हलतो, माती हलत नाही. उचलताना मागून बोट लागलं तरी थर सुटतो. नवीन चित्रं प्लायवर करा, मागे लाकडी चौकट मारून. जी झाली आहेत त्यांच्या मागे, चौकटीच्या आत थर्माकोल किंवा फोमबोर्डचा पत्रा बसवा, म्हणजे कापड दबणार नाही. सुटलेल्या खपलीखाली पातळ केलेलं मिडियम बारीक ब्रशने सोडा आणि वरून बेकरीतला सिलिकॉन पेपर ठेवून हलकं वजन द्या.

हळदीचं सांगायचं तर ॲक्रिलिक मिडियम किंचित अल्कधर्मी असतं. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं, तोच प्रकार इथे. आणि तांबूस झाली नसती तरी उजेडात वर्षभरात उडाली असती. ट्यूबवर पीवाय ४२ लिहिलेला पिवळा घ्या, तो लोहाचा आहे, हलत नाही. गुळाचं पाणी वापरायचा मोह कोल्हापुरात बऱ्याच जणांना होतो, तोही टाळा. गूळ हवेतलं पाणी ओढतो, मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

कोरं_मांजरपाट

मुरवलेल्या चित्रांबद्दल कुणी बोललं नाही, आणि मला तीच या विषयाला जास्त जवळची वाटतात. कोऱ्या कापडावर पातळ रंग ओतला की सुकताना पाणी कडेकडे जातं आणि रंगाचे कण बरोबर ओढून नेतं, म्हणून कडेला गडद रेघ तयार होते. तुमची पूररेषा कापड स्वतःच काढून देतंय, ती ब्रशने काढायची काय गरज?

कापड आधी ओलं केलं तर कड मऊ येते, कोरडं ठेवलं तर धारदार. कॅनव्हास आडवा ठेवून स्पिरिट लेव्हल लावा, तिरका राहिला तर रेघ एका टोकाला फाटते. सुकताना पंखा एका बाजूनेच लावला तर रेघही एकाच बाजूला गडद होते. मांजरपाट वापरत असाल तर गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका, नाहीतर रंग मुरत नाही, वर तरंगतो.

हे तंत्र रुळवलं अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर यांनी. १९५२ च्या 'माउंटन्स अँड सी'त त्यांनी टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग कोऱ्या कापडावर ओतला. तैलरंगातलं तेल रंगाभोवती पिवळसर वलय सोडतं आणि कालांतराने सुती कापड कुजवतं. पुढे १९६० च्या दशकात त्या ॲक्रिलिककडे वळल्या. तेव्हा कोऱ्या कापडावर तैलरंग अजिबात नको. आणि जेसो लावलेल्या जागी इतकं पातळ ॲक्रिलिक लावू नका, तिथे ते धरत नाही, पावडर होऊन हाताला लागतं.

खिळा_आणि_तार

२२ लावू नका. १४ कॅनव्हासची रुंदीच ४२ फूट. दोन चित्रांत दीड फूट सोडलं तर १३ फटींचे साडेएकोणीस फूट, दोन्ही टोकांना तीन-तीन फूट. झाली ६७.५ फूट भिंत, आणि कागद अजून बाकी. १० कॅनव्हास आणि ६ कागद ठेवा. १० ला साधारण ५० फूट पुरतं. आधी टेप घेऊन हॉलमध्ये जा, दारं, स्विचबोर्ड आणि खांब वजा करून सलग भिंत मोजा, खिळे चालतात की वरून तार सोडायची तेही विचारा.

एरवी चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर धरतात. इथे मध्य सोडा आणि रेघ धरा. सगळ्या चित्रांतली रेघ ५७ इंचांवर आली पाहिजे, चित्रं खालीवर झाली तरी चालतील. हिशेब असा : ५७ वजा चित्राच्या तळापासून रेघेची उंची, अधिक चित्राची उंची, वजा तारेचा झोल (चित्राच्या माथ्यापासून मागच्या ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर). ४८ इंची चित्रात रेघ ३० वर आणि झोल ४ इंच असेल तर ५७ − ३० + ४८ − ४, म्हणजे खिळा ७१ वर. झोल मोजताना तार बोटाने वर ताणून मोजा, सैल तारेवर मोजलं तर इंचभर चूक होते आणि अशा मांडणीत इंचभर चूकही दिसते. रेघ १२ वर असलेलं चित्र असेल तर त्याचा माथा ९३ इंचांवर जाईल, छत किंवा पॅनेल पुरतं का बघा. लेझर लेव्हल भाड्याने मिळते.

दिवे समोरून मारू नका. गाळाचा पोत वरून तिरक्या उजेडातच दिसतो, ट्यूबलाइटखाली तोच थर सपाट तपकिरी दिसेल. कागदाच्या फ्रेममध्ये काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच.

रांगोळीचा_कोपरा

वरच्या मांडणीला माझा थोडा विरोध. सगळ्याच रेघा जुळल्या तर तिसऱ्या चित्रानंतर माणूस चित्र बघायचं सोडून रेघ बघत चालतो. एका भिंतीवर जुळवा, समोरच्या भिंतीवर नको. कागदावरची चित्रं वेगळ्या कोपऱ्यात, जवळून बघायला.

खिळा_आणि_तार

चालेल. पण मग जुळलेली भिंत दारातून आत येताना समोर दिसणारी ठेवा. उलटं केलं तर दुसरी भिंत चुकून वाकडी लागल्यासारखी वाटेल.

चौकटीबाहेर

निवेदनाबद्दल. "अंतर्मनाचा शोध", "रंगांचा प्रवास", "स्त्रीत्वाची स्पंदनं" हे सगळं खोडा. बाईने अमूर्त चित्रं काढली की हे शब्द आपोआप चिकटतात, आणि कुठल्याही चित्रांना लागू पडतात. १०० ते १२० शब्द, मराठीत, मोठ्या अक्षरात, दाराशी. काय वापरलं आणि कुठला नियम पाळला एवढंच लिहा. सुरुवात अशी होऊ शकते : "पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते. इथल्या प्रत्येक चित्रात अशी एकच आडवी रेघ आहे. काही रेघा रंगाचं पाणी सुकताना कापडावर आपोआप उमटल्या आहेत. तपकिरी थर पंचगंगेच्या गाळाचा आहे."

"ह्यात पूर कुठाय?" हा प्रश्न येणारच. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात लोकांची नजर व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्रावर तयार झालेली आहे. पण त्याच नजरेला हातातलं कसबही कळतं. अर्थ सांगत बसू नका, चित्र कसं केलं ते सांगा. टेबलावर चाळलेल्या गाळाची वाटी आणि मुरवलेल्या कापडाचा एक हात लावायचा तुकडा ठेवा. अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच बदलतो.

नावांचं म्हणाल तर चित्रकार नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांनी चित्रांना नावं दिलीच नाहीत, आणि त्यांच्या शाई-पेन्सिलच्या रेघांना ती लागतही नाहीत. झरीना हाश्मी यांचं उलट. २००१ च्या 'डिव्हायडिंग लाइन' या लाकूडछापात भारत-पाकिस्तानची सीमा आहे, एवढं नावावरून कळलं की ती रेघ निव्वळ आकार राहत नाही. तुमच्याकडे तिसरी सोय आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. चित्रांची नावं नुसती "३९" आणि "४३" ठेवा. तुमचा कॅनव्हास ४८ इंच उंच आहे, म्हणजे इंचाला फूट धरून रेघ ३९ किंवा ४३ इंचांवर नेमकी घेता येते. सगळ्यांना करू नका, दोन नवी चित्रं अशी करा आणि शेजारी-शेजारी लावा.

ओसरलेलं_पाणी

३९–४३ ची जोडी नक्की करणार, प्लायवर. गाळाच्या चित्रांना व्हार्निश लावायचं का? आणि टेम्पोतून नेताना काय काळजी?

माती_मिडियम

गाळावर व्हार्निश नको, मातीचा कोरडेपणा जातो. मुरवलेल्या कापडावरही नको. बाकीच्यांना लावायचंच तर कोरड्या हवेत लावा, पावसाळ्यात लावलेलं दुधाळ होतं.

नेताना बबल रॅप थेट रंगावर ठेवू नका. ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतं आणि बुडबुड्यांचे गोल ठसे उठतात, ते निघत नाहीत. आधी सिलिकॉन पेपर, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. गाळाच्या चित्रांच्या पुढ्यावर काहीच टेकू नये. त्यांना दोन इंच खोल पुठ्ठ्याचं खोकं करा. टेम्पोत उभी ठेवा, चेहऱ्याला चेहरा, पाठीला पाठ. पाठीला बुचाचे चार तुकडे चिकटवले तर हॉलची भिंत ओलसर असली तरी मागून हवा खेळेल.