वेशीवरचा सिंह आणि पिसदुऱ्याची हाडे

प्रश्न : शाळामास्तर (वरोरा तालुका)

आमच्या शाळेतील सातवीची मुले हस्तलिखितासाठी एका अद्भुत प्राण्याची गोष्ट लिहीत आहेत. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशीवर हत्तीला नमवणारा जो सिंहासारखा प्राणी कोरलेला आहे, तो त्यांनी सहलीत पाहिला आहे आणि आपल्याच तालुक्यातील पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडे सापडतात हेही त्यांना ठाऊक आहे. जुन्या लोकांनी शेतात अशी हाडे पाहूनच राक्षस आणि असले प्राणी कल्पिले असतील का, असे एका मुलीने विचारले. जाणकारांनी कृपया सांगावे.

दगडवेडा

मास्तर, मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ड्रॅगनचा जो मोठा पुतळा घडवला गेला, त्याचे डोके तेथे जपून ठेवलेल्या एका कवटीवरून बेतले होते, आणि ती कवटी प्रत्यक्षात हिमयुगातील लोकरी गेंड्याची निघाली. येथे हाड आणि कल्पना यांचा धागा सरळ दिसतो. सिसिलीतील खुज्या हत्तींच्या कवटीत सोंडेसाठी मधोमध मोठे भोक असते, त्यावरून एकाक्ष राक्षसाची कथा जन्मली असावी, असे ऑस्ट्रियाचे जीवाश्मतज्ज्ञ ओथेनिओ आबेल यांनी १९१४ मध्ये सुचवले. ते मनाला पटते, परंतु ते अनुमानच आहे. मुलांना हा फरक अवश्य सांगावा.

वैनगंगाकाठ

वेशीवरच्या प्राण्यासाठी मात्र जमिनीखाली जाण्याची गरज मला वाटत नाही. आपल्या शिल्पींनी जिवंत प्राण्यांचे अवयव जोडून असे प्राणी घडवले : मकराला मगरीचा जबडा, कधी हत्तीची सोंड आणि माशाचे शेपूट, व्यालाला सिंहाचे अंग आणि कधी हत्तीचे, कधी घोड्याचे मुख. लहानपणी धुऱ्यावर अंगाचे वेटोळे करून पडलेले खवल्या मांजर मी पाहिले होते, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याने ते पाहिले आहे, त्याला खवल्यांचा राक्षस कल्पायला जीवाश्म लागत नाही.

दगडवेडा

हे मान्य. पिसदुऱ्याची हाडेही बहुधा तुकड्यांतच मिळतात, त्यामुळे वखर अडला तर शेतकऱ्याला तो दगडच वाटणार. पण तेथील खरी संपत्ती हाडांइतकीच अश्मीभूत विष्ठेचे गोळे ही आहे. टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनोसॉरच्या मानल्या जाणाऱ्या त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी गवत होते हे जगाला कळले. पुढे २०११ मध्ये त्यांत धानाच्या कुळातील गवतही ओळखले गेले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, असे त्याआधी बहुतेकांना वाटत होते!

शाळामास्तर

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. धानाची गोष्ट ऐकून वर्गात एकच गलका झाला. मुलांचा प्राणी आता बांधीत उतरून धान खातो. तो चावून खात असेल की कसे, एवढे सांगावे.

दगडवेडा

चावत नसे. लांब मानेच्या या प्राण्यांचे दात पेन्सिलीसारखे बारीक असत. ते पाला आणि गवत ओरबाडून तसेच गिळत आणि पुढचे काम पोटातील जंतू करीत. चित्रात दाढा काढू नयेत.