शब्दचर्चा: ‘सर्व्हरच्या बाजूने शीर्षक आणि तळटीप अंतर्भूत करा’

विचारणा

स्थिर एचटीएमएल पानांच्या संकेतस्थळासाठी मराठी माहितीपुस्तिका तयार होते आहे. त्यात हे वाक्य आले आहे: ‘सर्व्हरच्या बाजूने शीर्षक आणि तळटीप अंतर्भूत करा.’ सांगायचे आहे ते इतकेच: साठ-सत्तर पाने आहेत, सगळ्यांच्या वर तोच लोगो आणि मेनू, सगळ्यांच्या खाली तोच पत्ता. हा मजकूर (वरचा तो हेडर, खालचा तो फूटर) दोन फायलींत एकदाच लिहायचा आणि कोणी पान मागितले की अपाचे या वेब सर्व्हरने तो पानात घालून पाठवायचा. वाक्यात ‘सर्व्हर’ सोडून एकही परका शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला हात कशाला घालायचा ते कळत नाही. काय लिहावे?

उत्तर १

तळटीप आधी काढा. तळटीप म्हणजे पानाखाली बारीक अक्षरात दिलेला खुलासा, ज्याच्याकडे मजकुरातला आकडा बोट दाखवतो. ‘तळटीपेत पत्ता द्या’ वाचून कोणीही मजकुरात आकडा शोधेल. ‘पायथा’ही नको, तो डोंगराला असतो.

‘शीर्षक’ त्याहून घातक, कारण एचटीएमएलमध्ये टायटल (ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे पानाचे नाव) ही वेगळी वस्तू आहे आणि तिला शीर्षक हाच शब्द चपखल बसतो. हेडर म्हणावे तरी गुंता आहेच: पानावर दिसणारा वरचा पट्टा, हेडर नावाचा टॅग, न दिसणारा हेड हा भाग, आणि सर्व्हर पानाआधी पाठवतो ते एचटीटीपी हेडर. बोलताना चारींना ‘हेडर’च म्हणतात. पुस्तिकेत दिसणाऱ्या पट्ट्याला ‘पानाचा हेडर’ म्हणा आणि एचटीटीपीच्या वेळी ‘एचटीटीपी’ गाळू नका.

आणि ‘सर्व्हरच्या बाजूने’? मराठीत बाजूने बोलतो तो वकील. ‘सर्व्हरवर’ किंवा ‘सर्व्हरकडून’ एवढे पुरते.

उत्तर २

जुन्या पत्रव्यवहारात याला तयार जोडी आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा मोर्तबाचा शिक्का असतो. पत्र कोणालाही असो, मजकूर कोणताही असो, वरचा ठसा तोच आणि खालचाही तोच. ‘शिक्कामोर्तब’ या जोडशब्दात हेडर आणि फूटर दोन्ही बसले आहेत. मायना मात्र हेडर नव्हे. मायना पत्र कोणाला आहे त्यावर बदलतो. इथे न बदलणे हाच मुद्दा आहे.

उत्तर ३

शिक्कामोर्तब झकास आहे, पण आज त्याचा अर्थ ‘मान्यता मिळणे’ असा पक्का झाला आहे. ‘पानांवर शिक्कामोर्तब करा’ वाचून लोक साहेबांच्या सहीची वाट पाहतील. नामे हेडर आणि फूटरच राहू द्यावीत, रोज तीच वापरात आहेत. (फूटरचा ऊकार दीर्घ लिहा, ऱ्हस्व केला की तो ‘फुटीर’चा भाऊ दिसतो.)

खरा घोळ क्रियापदात आहे आणि तिथे मराठीने काम केले पाहिजे. सर्व्हरवर हे काम दोन तऱ्हांनी होते. दोन्हींना ‘अंतर्भूत करणे’ म्हटले की वाचणारा चुकीच्या वाटेला लागतो.

पहिली तऱ्हा: पान स्वतः मागते. पानात जिथे हेडर हवा तिथे एक ओळ लिहिलेली असते आणि सर्व्हर पान पाठवताना त्या ओळीच्या जागी फाइल घालतो. हा ‘समावेश’. यालाच सर्व्हर साइड इन्क्लूड, थोडक्यात एसएसआय म्हणतात. एनसीएसएच्या जुन्या वेब सर्व्हरपासून ही सोय चालत आली आहे. दुसरी तऱ्हा: पानाला याची खबरच नसते. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सांगितलेले असते की प्रत्येक पानाच्या आधी हे आणि नंतर ते चिकटव. ही ‘जोडणी’. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या ॲडिशन मॉड्यूलमधल्या ॲड-बिफोर-बॉडी आणि ॲड-आफ्टर-बॉडी या सूचना ते करतात. नाव फसवे आहे: बॉडी म्हणजे एचटीएमएलचा बॉडी टॅग नव्हे, सर्व्हरने पाठवायचा अख्खा मजकूर. त्यामुळे हेडर डॉकटाइपच्याही (एचटीएमएलचा प्रकार सांगणारी, पानातली सर्वांत वरची ओळ) आधी जाऊन बसतो. डॉकटाइपच्या आधी टॅग दिसला की ब्राउझर तो डॉकटाइप जमेस धरत नाही आणि पान क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या सवयींप्रमाणे मांडतो; रुंदी आणि मोकळ्या जागा बिघडतात त्या तिथून. फूटर एचटीएमएलच्या बंद टॅगनंतर, म्हणजे मोर्तबाच्या खाली पडतो, पण ब्राउझर तो गुपचूप बॉडीत ओढून घेतो. म्हणून जोडणीत फूटर चालून जातो आणि हेडर नडतो. जोडणीच करायची तर डॉकटाइपपासून मेनूपर्यंतचा सगळा भाग हेडरच्या फायलीत न्यावा आणि पानांत फक्त मधला मजकूर ठेवावा. मग पाने एकेकटी उघडली की उघडीबोडकी दिसतात, हा त्याचा तोटा.

तुमच्या पुस्तिकेतली तऱ्हा पहिली आहे. म्हणून ‘समाविष्ट करा’. ‘अंतर्भूत’ म्हणजे मुळातच आत असलेले. हेडर मुळात आत नसतो म्हणून तर हा खटाटोप.

विचारणाकर्ता

क्रियापद पटले. मग समावेशाच्या पायऱ्या मराठीत कशा लिहाव्यात? पानात लिहायच्या त्या ओळीला, ‘डायरेक्टिव्ह’ला, ‘निर्देश’ लिहिले आहे.

उत्तर ३

निर्देश चालेल, ‘आज्ञा’ अधिक सोपी. ओळ उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो; फायलीत ती रोमन अक्षरांतच लिहायची:

<!--#इन्क्लूड व्हर्च्युअल="/कॉमन/हेडर.एचटीएमएल" -->

उद्गारचिन्हानंतरच्या दोन रेघा आणि हॅश यांत जागा सोडायची नाही. शेवटच्या दोन रेघांआधी मात्र एक जागा हवीच. नवशिके नेमके उलटे करतात.

‘व्हर्च्युअल’चे भाषांतर करू नका, ‘आभासी’ तर मुळीच नको. व्हर्च्युअलमध्ये संकेतस्थळाच्या मुळापासूनचा, तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता देता येतो. त्याऐवजी ‘फाइल’ लिहिले तर पत्ता त्याच फोल्डरपासून धरला जातो आणि त्यात दोन टिंबांनी वर चढता येत नाही. पोटफोल्डरांतल्या पानांना एकच हेडर द्यायचा तर व्हर्च्युअलच लागतो.

अपाचेत मॉड-इन्क्लूड हे एसएसआयचे मॉड्यूल चालू हवे (डेबियन लिनक्सवर एटूएनमॉड इन्क्लूड). मग सेटिंगमध्ये त्या फोल्डरसाठी ऑप्शन्स +इन्क्लूड्स, फाइलच्या नावाशेवटी येणाऱ्या एसएचटीएमएल या प्रत्ययाला टेक्स्ट/एचटीएमएल हा प्रकार, आणि त्याच प्रत्ययाला इन्क्लूड्स हा आउटपुट फिल्टर. अधिकचे चिन्ह गाळू नका. नुसते ‘इन्क्लूड्स’ लिहिले की वरून आलेले बाकीचे ऑप्शन्स पुसले जातात. हेडर-फूटरपुरते इन्क्लूड्स-नोएक्झेक घेतलेले बरे. त्यात पानातून बाहेरची आज्ञा चालवण्याची सोय बंद राहते.

उत्तर १

‘चालत नाही’ या तक्रारीचेही दोन अर्थ आहेत, तेही पुस्तिकेत फोडून सांगा. पानावर हेडरच्या जागी काहीच नाही: ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स पाहा. आज्ञा तिथे जशीच्या तशी दिसली तर सर्व्हरने ती वाचलेलीच नाही. ब्राउझरला ती टिप्पणी वाटते, म्हणून पडद्यावर ना चूक ना हेडर. फाइलचा प्रत्यय एचटीएमएलच राहिला असेल, किंवा अलाउ-ओव्हरराइड ही सेटिंग ‘नन’ असल्याने फोल्डरपुरत्या सेटिंगची एचटीॲक्सेस फाइल कोणी उघडूनही पाहत नसेल. दुसरे, पानावर ‘ॲन एरर ऑकर्ड व्हाइल प्रोसेसिंग धिस डायरेक्टिव्ह’ हे वाक्य चौकटी कंसात उमटते: सर्व्हरने आज्ञा वाचली, पण ती पार पाडता आली नाही. इथे पत्ता तपासा, मग फाइलची वाचन-परवानगी. खरे कारण अपाचेच्या एरर लॉगमध्ये असते, पडद्यावर नाही.

उत्तर ४

मराठी पानांना जास्तीचा त्रास एन्कोडिंगचा. हेडरची फाइल यूटीएफ-८ मध्येच पण बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) जतन झाली, तर ते तीन बाइट पानाच्या मधोमध येतात आणि मेनूच्या वर एक रिकामी ओळ दिसते. सीएसएस कितीही तपासली तरी कारण सापडत नाही. एडिटरमध्ये ‘बीओएमविना यूटीएफ-८’ निवडावे. जुनी पाने फाँटवर बेतलेल्या एन्कोडिंगची असतील तर त्यांत युनिकोड हेडर घालू नका. एका पानाला कॅरॅक्टर सेट एकच जाहीर करता येतो, दोघांपैकी एकाचे वाटोळे ठरलेले. आधी पाने युनिकोडमध्ये आणा.

हेडरमधल्या चित्रांचे आणि दुव्यांचे पत्तेही तिरक्या रेघेने सुरू करा. ते पत्ते ब्राउझर शोधून काढतो, आणि ब्राउझरच्या लेखी हेडर नावाची फाइलच नसते, फक्त पान असते. ‘इमेजेस/लोगो’ असे लिहिलेला लोगो पहिल्या पानावर दिसतो आणि पोटफोल्डरातल्या पानावर फुटतो.

विचारणाकर्ता

फूटरमध्ये ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख द्यायची आहे. ती फूटरच्या फाइलची येईल की पानाची?

उत्तर ३

इको आज्ञेतून लास्ट-मॉडिफाइड हे चल (व्हेरिएबल) मागितले तर ज्या पानाची मागणी झाली त्याची तारीख येते. अट एकच: फूटरची फाइलही सर्व्हरने वाचली पाहिजे, म्हणजे तिचाही प्रत्यय एसएचटीएमएल हवा. नाहीतर समावेश होतो, तारखेची आज्ञा टिप्पणी होऊन पडून राहते. महिन्याचे नाव सर्व्हरच्या लोकेलप्रमाणे (भाषेच्या सेटिंगप्रमाणे), बहुधा इंग्रजीत उमटते. कॉन्फिग आज्ञेतल्या टाइम-फॉरमॅटमध्ये दिवस-महिना-वर्ष आकड्यांतच मागा.

पुस्तिकेत ‘पानाचा शेवटचा बदल’ असे लिहा, नुसते ‘शेवटचा बदल’ नको. मेनू काल बदलला तरी ही तारीख जुनीच राहणार. अपाचेची एक्सबिटहॅक ही सेटिंग ‘फुल’ ठेवून फाइलला गटाचा एक्झिक्यूट बिट (चालवण्याची परवानगी) दिला, तर अपाचे तीच जुनी तारीख एचटीटीपी हेडरमध्येही पाठवतो, आणि ज्यांच्या ब्राउझरात पान साठलेले आहे त्यांना जुनाच मेनू दिसत राहतो. एरवी एसएसआयच्या पानांसोबत ही तारीख सहसा जात नाही.

विचारणाकर्ता

वाक्य असे केले आहे: ‘प्रत्येक पानात हेडर आणि फूटर समाविष्ट करण्याची आज्ञा लिहा, पान पाठवताना सर्व्हर त्या जागी दोन्ही फायलींचा मजकूर घालतो.’

उत्तर १

‘आज्ञा’चे ‘आज्ञा’च ठेवा पण ‘दोन आज्ञा’ म्हणा. एकीत दोन्ही फायली लिहू पाहणारे निघतील, आणि हेडर-फूटर लागोपाठ छापले जातील.